आरएफएसओसीमधला एसडी-एफईसी ब्लॉक: इटरेशन वाचतील तेवढी वीज वाचेल

एलडीपीसी हा जादा पॅरिटी बिट जोडून वाटेत झालेल्या चुका सुधारणारा कोड. त्याचा डीकोडर एफपीजीएच्या (हवं तसं सर्किट बसवता येणाऱ्या चिपच्या) साध्या लॉजिकमध्ये लिहायला घेतला की लुकअप टेबल आणि ब्लॉक रॅम भराभर संपतात, आणि टायमिंग बसवता बसवता जीव मेटाकुटीला येतो. एएमडीच्या, म्हणजे पूर्वीच्या झायलिंक्सच्या, झिंक अल्ट्रास्केल प्लस आरएफएसओसी (रेडिओचे कन्व्हर्टर, प्रोसेसर आणि एफपीजीए एकाच चिपवर) मालिकेतल्या काही चिप्समध्ये हे काम करणारा एसडी-एफईसी (सॉफ्ट-डिसिजन फॉरवर्ड एरर करेक्शन) ब्लॉक थेट सिलिकॉनमध्येच दिलेला आहे. ‘काही’ हा शब्द बोर्ड घेण्याआधी नीट लक्षात ठेवा. झेडयू२८डीआर आणि झेडयू४८डीआर या चिप्समध्ये असे ८ ब्लॉक आहेत. झेडयू२९डीआर आणि झेडयू४९डीआरमध्ये एकही नाही. म्हणून झेडसीयू१११, झेडसीयू२०८ किंवा कॉलेजांसाठीचा आरएफएसओसी ४ बाय २ घेतलात तर ब्लॉक मिळेल. झेडसीयू२१६ वर चॅनेल १६ आहेत, म्हणून तोच वरचढ वाटतो, पण त्यावर हा ब्लॉक नाही.

आता विजेचं. एलडीपीसी डीकोडर प्रत्येक इटरेशनला, म्हणजे फेरीला, पॅरिटीच्या (बिटांचा ताळा बघणाऱ्या समीकरणांच्या) सगळ्या ओळींवरून फिरतो, मेमरी वाचतो, परत लिहितो. खरा खर्च तिथेच आहे. कमाल इटरेशन ३२ ठेवले आणि बाकी काही केलं नाही, तर सिग्नल कितीही स्वच्छ असला तरी प्रत्येक कोडवर्डवर (एकत्र डीकोड होणाऱ्या बिटांच्या गठ्ठ्यावर) ३२ फेऱ्या होतात. तोच कोडवर्ड सरासरी ६ फेऱ्यांत सुटत असेल, तर पाचपैकी चार फेऱ्या फुकट गेल्या. हे टाळण्यासाठी दर कोडवर्डमागे जाणाऱ्या कंट्रोल वर्डमध्ये दोन बिट आहेत. टर्म-ऑन-पास लावला की पॅरिटी जुळताच काम थांबतं. टर्म-ऑन-नो-चेंज लावला की निर्णय बदलायचे थांबल्यावर डीकोडर तो कोडवर्ड सोडून देतो. दुसरा बिट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण कमकुवत सिग्नलला तोच कामाचा, कारण न सुटणारे कोडवर्डच सगळ्यात जास्त फेऱ्या खातात. फक्त पॅरिटी जुळली म्हणजे कोडवर्ड बरोबरच असं नाही. बाहेरून सीआरसी (चूक उरली का ते सांगणारी वेगळी तपासणी) हवाच.

या ब्लॉकची मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे स्टेटस वर्ड. प्रत्येक कोडवर्डला किती इटरेशन लागले, पॅरिटी जुळली का, कशामुळे थांबला, हे सगळं त्यात येतं. अंदाज बांधत बसावं लागत नाही. माहीत असलेला कोडवर्ड चार-पाच वेगवेगळ्या एसएनआरला (सिग्नल आणि नॉइजच्या गुणोत्तराला) पाठवा आणि इटरेशनचा आकडा मांडून बघा. एसएनआर चांगला असूनही आकडा कमाल मर्यादेला चिकटून राहिला, तर चूक बहुतेक वेळा तुमच्या इनपुटमध्ये असते.

आणि इनपुटची चूक म्हणजे जवळजवळ नेहमी एलएलआर, म्हणजे बिट ० की १ आणि त्याची खात्री किती हे सांगणारी संख्या. प्रत्येक एलएलआर ८ बिटांच्या जागेत जातो, पण त्यातले २ बिट अपूर्णांकाचे आणि मर्यादा अधिक-उणे ७.७५. म्हणजे पूर्णांकात −३१ ते +३१. फ्लोटिंग पॉइंटमधली किंमत ४ ने गुणा, पूर्णांक करा आणि दोन्ही बाजूंना सारखीच कापा. −३२ जाऊ देऊ नका. चांगल्या एसएनआरला नॉइजच्या व्हेरियन्सने भागलेल्या किमती इतक्या मोठ्या होतात की जवळजवळ सगळ्या ३१ वर जाऊन आदळतात, आणि मग सॉफ्ट डीकोडरला प्रत्यक्षात हार्ड, म्हणजे नुसते ०-१, बिटच मिळतात. उपाय सोपा आहे. मिन-सम या सोप्या केलेल्या डीकोडिंग पद्धतीत सगळ्या किमती एकाच संख्येने गुणल्या तरी, पूर्णांक करतानाचा फरक सोडला तर, निर्णय बदलत नाही. त्यामुळे चिन्ह सोडून काढलेली सरासरी किंमत मर्यादेच्या मध्यावर येईल असा गुणक निवडा. २५६ क्यूएएमला (एका सिम्बॉलमध्ये ८ बिट भरणाऱ्या मॉड्युलेशनला) उलट त्रास होतो: कमकुवत बिटांचे एलएलआर ०.२५ च्या पायरीखाली जाऊन शून्य होतात. तिथे गुणक थोडा वाढवावा.

एलएलआरच्या चिन्हाचा संकेतही (अधिक म्हणजे ० की १) एकदा तपासा. पॅरिटीच्या सगळ्या ओळींत एकांची संख्या सम असेल, तर पूर्ण उलटलेला कोडवर्डही वैध ठरतो. स्टेटस ‘पास’ म्हणतो आणि प्रत्येक बिट मात्र चुकीचा असतो.

वेगाबद्दल दोनच गोष्टी. इनपुट १२८ बिटांच्या पट्ट्यांत जातं, पट्टीमागे १६ एलएलआर. वाय-फायच्या १९४४ बिटांच्या कोडला १२१.५ पट्ट्या लागतात, म्हणजे १२२ वी अर्धीच भरते. तिथे मोजणी चुकली की पुढचे सगळे कोडवर्ड सरकतात. दुसरं, आउट-ऑफ-ऑर्डर मोड. क्रम राखायचा म्हटलं की लवकर सुटलेला कोडवर्ड रेंगाळणाऱ्याच्या मागे अडकतो. प्रत्येक कोडवर्डला आयडी आहेच, तेव्हा क्रम पुढे मेमरीत लावता येत असेल तर हा मोड वापराच. सॉफ्ट आउटपुटची गरज नसेल तर हार्ड आउटपुट घ्या, पुढच्या वाहतुकीचा बोजा आठपटीने उतरतो.

लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये या ब्लॉकचा ड्रायव्हर आहे. ५जी नसलेल्या कोडसाठी स्केल, लेयर आणि क्यूसी अशी तीन टेबलं आधी भरावी लागतात, १२८ पर्यंत कोड एकाच वेळी ठेवता येतात आणि कुठला वापरायचा ते दर कोडवर्डला बदलता येतं. ब्लॉकच्या आतल्या मेमरीलाही ईसीसी (चूक सुधारणारं संरक्षण) आहे, आणि तिथे न सुधारता येणारी चूक झाली की ड्रायव्हर ‘रीसेट हवा’ किंवा ‘पुन्हा कॉन्फिगर करा’ अशी स्थिती दाखवतो. तुमच्या कोडने ती स्थिती वाचलीच पाहिजे.

पोलर हा दुसरा कोड यात नाही, त्यामुळे ५जीच्या कंट्रोल चॅनेलसाठी सॉफ्ट लॉजिकमधला वेगळा डीकोडर लागणार. टर्बो कोड आहे, पण फक्त डीकोड. कोड क्वासी-सायक्लिक (क्यूसी), म्हणजे सरकवलेल्या सारख्या तुकड्यांचा, नसेल तर तो टेबलांत बसवणं कठीण. छोट्या, १२८ बिटांपर्यंतच्या कोडवर्डसाठी मी हा ब्लॉक सुचवणार नाही. तिथे नॉइजचाच अंदाज बांधणारी ग्रँड पद्धत जास्त पटते, आणि एमआयटी, बॉस्टन विद्यापीठ आणि आयर्लंडमधल्या मेनूथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तिची चिप दाखवलीही आहे. हजारो बिटांचे क्यूसी-एलडीपीसी कोडवर्ड आणि सतत वाहणारा डेटा असेल, तर मात्र डोळे झाकून हा ब्लॉक घ्या. बोर्ड हातात आल्यावर पहिल्याच दिवशी तोच इनपुट दोनदा चालवा, एकदा थांबवणारे दोन्ही बिट बंद ठेवून आणि एकदा चालू करून, आणि दोन्ही वेळचे वॅट लिहून ठेवा.