वेज-लॉकिंग वॉशर: कंपन-चाळणीवरील वर्षभराचा अनुभव

कंपन करणारी यंत्रे ज्यांनी सांभाळली आहेत, त्यांना बोल्ट ढिले होण्याचा त्रास वेगळा सांगायला नको. आमच्या कंपन-चाळणीच्या मोटरचे चार एम १६ (१६ मिलिमीटर व्यासाचे) बोल्ट दर पंधरवड्याला आवळावे लागत. एका सकाळी त्यांपैकी एक जमिनीवर पडलेला सापडला. त्याचे आटे एका बाजूने घासून चकचकीत झाले होते आणि फ्रेममधले भोक अंड्याच्या आकाराचे झाले होते. त्या दुरुस्तीच्या वेळी आम्ही स्प्रिंग वॉशर (एका जागी कापलेल्या, किंचित पीळ दिलेल्या पोलादी चकत्या) काढून टाकले आणि वेज-लॉकिंग वॉशरच्या जोड्या बसवल्या. त्याला आता वर्ष होऊन गेले आहे, म्हणून त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

बोल्ट मुळात का सुटतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिले. जोडलेले भाग बोल्टच्या अक्षाला आडवे सरकू लागले की आट्यांमधले आणि डोक्याखालचे घर्षण त्या सरकण्यातच खर्च होते, फिरण्याला विरोध करायला काही उरत नाही, आणि बोल्टमधला ताणच त्याला आट्यांच्या उतारावरून उलटा फिरवतो. स्प्रिंग वॉशर येथे उपयोगी पडत नाही, कारण बोल्ट पूर्ण आवळेपर्यंत तो चपटा झालेला असतो आणि त्यानंतर साध्या वॉशरसारखाच वागतो. नासाच्या १९९० सालच्या फास्टनर डिझाइन पुस्तिकेतही तो अडकवून ठेवण्याच्या कामाचा नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही तो सगळीकडे सवयीने वापरला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वेज-लॉकिंग वॉशर म्हणजे दोन चकत्यांची जोडी. बाहेरच्या दोन्ही बाजूंना बारीक दाते असतात, त्यांतले वरचे बोल्टच्या डोक्यात आणि खालचे फ्रेमच्या पोलादात रुततात. आतल्या, एकमेकींना भिडणाऱ्या बाजूंवर मात्र तिरपे उतार असतात. सगळे मर्म या उतारांच्या कोनात आहे. एम १६ बोल्टच्या दोन मिलिमीटर पिचच्या (लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्यांचा चढ सुमारे अडीच अंशांचा असतो आणि चकत्यांवरचे उतार त्याहून जास्त तिरपे ठेवलेले असतात. त्यामुळे बोल्ट उलटा फिरू लागला, की आट्यांमुळे तो जितका वर येतो त्यापेक्षा उतारांमुळे जोडीची जाडी जास्त वाढते, म्हणजे सुटण्याच्या प्रयत्नातच बोल्ट अधिक ताणला जातो. जो ताण बोल्टला सोडवत होता, त्यालाच राखणीला बसवणारी ही रचना मला यंत्रशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

बसवताना काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात. जोडी चिकटवून येते, पण हाताळताना सुटली आणि दाते आतल्या बाजूला गेले, तर सगळा उपयोग संपतो. आमच्या एका सहकाऱ्याकडून एकदा असे झाले आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळण्याचा पाना) लावण्याआधी ते लक्षात आले, हे नशीब. जोडीखाली साधा वॉशर ठेवण्याची सवयही मोडावी लागते, कारण तो फ्रेमवर फिरू शकतो आणि मग खालच्या दात्यांची पकड निरर्थक ठरते. मोटरच्या पायाला लांबट खाच असेल, तर चकती अर्धवटच टेकते. तेथे मोठ्या व्यासाची जोडी घ्यावी.

आवळून झाल्यावर आम्ही प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. वर्षभरात चारही रेघा जशाच्या तशा राहिल्या, एकही बोल्ट केसभरही फिरला नाही. तरी सहाव्या महिन्यात टॉर्क पाना लावून पाहिला, तेव्हा एक बोल्ट ठरलेल्या टॉर्कला पोहोचण्याआधी बराच पुढे गेला. तो सोडवला तेव्हा उतार ओलांडताना ‘कट’ असा आवाज आला, आणि खाली रंगाचा जाड थर चेपून पसरलेला दिसला. बोल्ट फिरला नव्हता. खालचा रंग दबल्यामुळे ताण उतरला होता. हे या वॉशरच्या हातातले काम नाही. तो फिरणे थांबवतो, खालचा थर दबणे थांबवत नाही. जाड रंग, गॅस्केट, प्लॅस्टिक किंवा लाकूड यांच्यावर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये, आणि वॉशरपेक्षाही कठीण केलेल्या पृष्ठभागावर तर दाते रुतणारच नाहीत.

दात्यांमुळे पृष्ठभागावर ओरखडे उठतात व जस्ताचा मुलामा निघतो, म्हणून दमट जागी गंजाची काळजी घ्यावी लागते. बोल्ट सुटू नये म्हणून वापरतात त्या इतर उपायांपैकी आत नायलॉनचे कडे असलेल्या नटाला उष्णता सोसत नाही आणि आट्यांवर लावायच्या गोंदाला तेलकट बोल्ट आधी स्वच्छ धुऊन लागतो. या दोन्ही अडचणी येथे नाहीत, उलट आट्यांना तेल लावून आवळलेले बरे. वेगळे हत्यारही लागत नाही. जोडी पुन्हा वापरता येते, फक्त दाते बोथट झाले नाहीत हे बोटाने चाचपून पाहावे.

पुढच्या देखभालीत कॉम्प्रेसरच्या पायांनाही याच जोड्या बसवणार आहोत. बोल्टखालचा रंग पोलाद दिसेपर्यंत आधीच खरवडून ठेवला आहे.