राजारामपुरीतला लेखनवर्ग : चार महिन्यांनंतर

माझं काम सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खालून आधार उभा करायचं. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो, लेक सातवीत आहे. वाचन भरपूर, पण निबंध म्हटलं की पेन चावत बसायची. आधीच्या शिकवणीत तयार निबंध पाठ करून घ्यायचे. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, ते तिनं डोळ्यांनी बघितलंय. तरी तिच्या 'पावसाळा' निबंधात मोर थुईथुई नाचत होता. ते वाचून मला वाईट वाटलं आणि मी दुसरा वर्ग शोधायला लागलो.

राजारामपुरीतला हा वर्ग एक निवृत्त बाई घरीच चालवतात. शनिवार-रविवार, महिन्याला ९०० रुपये. पहिले दोन आठवडे मुलांनी काही लिहायचंच नाही. बाई फळ्यावर लिहितात आणि मनातलं मोठ्यानं बोलतात: "खूप पाणी आलं... खूप म्हणजे किती? नको, काय बुडालं तेच लिहिते." खोडतात, परत लिहितात. मोठी माणसंसुद्धा खोडतात, हे लेकीला तिथं पहिल्यांदा दिसलं. मग सगळ्यांनी मिळून एक निबंध, मग वाक्यांची सुरुवात दिलेली कार्डं, आणि शेवटी कोरा कागद.

पालकसभेत बाईंनी या पद्धतीचं मूळ सांगितलं. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ सालच्या अभ्यासात ३ ते ५ वर्षांच्या ३० मुलांकडून लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचून घेतला होता. मुलाला जमतं ते त्यालाच करू द्यायचं, अडतं तिथंच हात द्यायचा, आणि जमायला लागलं की हात काढून घ्यायचा. इंग्रजीत याला स्कॅफोल्डिंग म्हणतात, म्हणजे परांची. मी बाईंना म्हटलं, परांचीवर गवंडी उभा राहतो, ओला स्लॅब पेलतं ते सेंट्रिंग. तुमचं काम सेंट्रिंगचं आहे. त्यांना ते पटलं.

दुसऱ्या महिन्यात लेकीनं मामाच्या गुऱ्हाळावर लिहिलं. कार्डावर एवढंच होतं: 'जवळ गेल्यावर मला...' त्यापुढं तिनं लिहिलं, काहिलीत रस तापला की गुळव्या भेंडीचं पाणी घालतो, मळी वर येते, ती तो झाऱ्यानं काढतो आणि आम्हाला लांब व्हा म्हणून ओरडतो. बाईंनी लाल शाईनं एकही वाक्य बदललं नाही. समासात एकच प्रश्न लिहिला, 'वास कसा होता?' घरी आल्यावर तिनं मामाला फोन लावला. चिमणीचा धूर आणि चुलीवर करपलेला रस, या दोन वासांवर दोघं अर्धा तास बोलत होते. दुसऱ्या दिवशी तिनं सहा ओळी वाढवल्या.

एक गोष्ट मात्र खटकली. तिसऱ्या महिन्यात एकाच रविवारी सगळ्यांची कार्डं काढून घेतली. आमच्या कामात स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस ठेवतात, त्याहून मोठा असेल तर १४. सगळे स्लॅब एका दिवशी मोकळे करत नाहीत. माझ्या लेकीला जमलं, पण तिच्या शेजारचा मुलगा रडकुंडीला आला होता. मी बोललो, तेव्हा बाईंनी ऐकून घेतलं आणि अडणाऱ्या दोघांना कार्डं परत दिली. उलट एका मुलीला ती पहिल्यापासूनच नको होती, कार्डामुळं तिची वाक्यं आखडायची. हे आधीच बघायला हवं होतं. शिवाय १२ मुलांची तुकडी आता १८ ची झालीय आणि वह्या तपासून मिळायला आठवडा लागतो. बाईंनी संख्या कमी करावी, ही मनापासून विनंती.

परीक्षेत लगेच गुण वाढावेत म्हणून कुणी पाठवत असेल तर थोडं थांबा. आमच्याकडं सहामाहीला फरक दोनच गुणांचा पडला. पण मागच्या आठवड्यात तिनं पुरावर दीड पान लिहिलं, कार्ड न मागता. सुरुवात अशी: 'पाणी आलं तेव्हा आमचा पिठाचा डबा सगळ्यात आधी तरंगला.' डब्याचं मी पार विसरलो होतो.

प्रवेशाआधी बाई मुलाकडून एक पान लिहून घेतात आणि कुणाला किती आधार द्यायचा ते त्यावरून ठरवतात. त्या दिवशी घरून तयारी करून नेऊ नका. जसं येतं तसं लिहू द्या.