जुन्या घड्याळांसाठी गायगर काउंटर: सात महिने वापरल्यावर

आपल्याकडे गाडीवरच्या स्टिकरपासून घड्याळाच्या काट्यापर्यंत चमकणारं सगळंच 'रेडियम'. त्यामुळे "साहेब, रेडियमचं आहे" या वाक्यावर मी दोनदा फसलो आणि शेवटी साडेसात हजारांचा चिनी गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग टिचक्यांनी मोजणारं यंत्र, मागवला. तेव्हापासून बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाताना तो खिशात असतो.

घरात नुसता टेबलावर ठेवला तर मिनिटाला वीसेक टिचक्या पडतात. घड्याळाच्या काचेला टेकवला आणि रंगात खरं रेडियम असलं, की आकडा शेकड्यांत जातो. घड्याळ अंधारात चमकतं की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं, पण त्याच्या किरणांनी चमकणारं, रंगातलं जोडीचं झिंक सल्फाइड काही दशकांतच मरतं. म्हणून साठ-सत्तर वर्षांची तबकडी अजून लख्ख उजळत असेल तर रंग नवा समजून मी घड्याळ खाली ठेवतो.

मागच्या महिन्यात वेस्ट एंडचं सोवार प्रिमा घड्याळ मिळालं. (कंपनी १८८६ ची, मुंबईत सुरू झालेली. त्यामुळे ही घड्याळं इथं अजून निघतात, आणि नव्यानं रंगवलेलीही भरपूर.) आकडा साडेचारशे, मी खूश, दोन हजार जास्तीचे दिले. घरी आल्यावर शिशाच्या जाड पत्र्याला बारीक भोक पाडलं आणि त्यातून तबकडीवरचा एकेक अंक तपासला. बाराशी टिचक्यांचा सडा, सहाशी जवळपास शांतता. दोन्ही काटे तेव्हा बारावर होते. चावी ओढून साडेसहा वाजवले, तर कडकडाट सहाशी आणि बारा गप्प! रेडियम काट्यांबरोबर फिरत होतं, तबकडीवर नव्हतंच. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या घड्याळात असे काटे खालचा रंग तपकिरी करून टाकतात. ही तबकडी गोरीपान होती, तेव्हाच कळायला हवं होतं. रविवारी विक्रेत्याला गाठलं तर म्हणतो, "काटे तर ओरिजिनल आहेत ना, काका?"

रेडियमऐवजी काही घड्याळांच्या रंगात ट्रिटियम हा किरणोत्सर्गी हायड्रोजन असतो, त्याच्यापुढे मात्र यंत्राचा उपयोग शून्य. त्याचे बीटा कण इतके दुबळे, की काचेबाहेरच येत नाहीत. तबकडीवर 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना ट्रिटियमचा इंग्रजी 'टी' छापलेला असेल तर मी यूव्ही टॉर्च काढतो. टॉर्च बंद केल्यावर उजेड काही सेकंदांत विझला तर ठीक, मिनिटभर रेंगाळला तर रंग नंतर भरलेला.

तक्रारी आहेत. चार्जिंगची खाच चौथ्या महिन्यात ढिली झाली. आवाज एक तर बंद, नाही तर भोवती गर्दी जमेल इतका मोठा. मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे शरीराला बसणाऱ्या किरणांच्या मात्रेचा, आकडा मी बघतच नाही, कारण तो हिशोब गॅमा किरणांसाठी बसवलेला आणि इथं यंत्राच्या नळीत बीटा कणही घुसतात. टिचक्या मोजायच्या, बस.

रेडियमचं घड्याळ मी स्वतः उघडत नाही, रंगाची पूड नाकातोंडात जायला नको. गेल्या आठवड्यात घड्याळजींनी सोवारचं मशीन तपासायला काढलं आणि सवयीनं फुंकर मारायला वाकले. मी हात आडवा घातला. "अहो, चाळीस वर्षं फुंकतोय," म्हणाले, आणि ब्रश शोधायला लागले.