दहा लाखांचा कॉन्ट्रास्ट आणि राखाडी रात्र

या टीव्हीच्या खोक्यावर १०,००,०००:१ असे कॉन्ट्रास्टचे, म्हणजे सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांच्या उजळपणाचे, गुणोत्तर छापलेले आहे. परंतु हा आकडा ‘डायनॅमिक’ आहे, म्हणजे बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) पूर्ण वाढवून मोजलेला पांढरा आणि तोच जवळजवळ विझवून मोजलेला काळा यांची ती तुलना आहे, आणि हे दोन्ही एकाच दृश्यात कधीच एकत्र दिसत नाहीत. या टीव्हीत आयपीएस प्रकारचे एलसीडी पॅनेल आहे; अशा पॅनेलचे मूळ, म्हणजे बॅकलाइट न बदलता मिळणारे, गुणोत्तर साधारणपणे १०००:१ च्या आसपास असते, आणि तेच छापायला हवे होते. अंधाऱ्या खोलीत रात्रीची दृश्ये येथे काळी न दिसता राखाडी दिसतात. व्हीए हे दुसऱ्या प्रकारचे एलसीडी पॅनेल याबाबतीत निश्चितच सरस ठरते. उजेडात मात्र पडद्यावरील परावर्तनामुळे हा फरक पुसट होतो, आणि बाजूने पाहतानाही या टीव्हीचे रंग उत्तम टिकतात.