बॉस्टन लॅटिन की नीडम-वेलस्ली : आमचं कसं ठरलं

पोरगं पाचवी-सहावीत गेलं की बॉस्टनकडच्या मराठी घरांत हा विषय निघतोच. शहरात राहून बॉस्टन लॅटिन या सरकारी शाळेसाठी प्रयत्न करायचा की गुमान नीडम नाहीतर वेलस्ली या उपनगरांत घर बघायचं? रेटिंग-बिटिंग तुम्ही पाठच केलं असणार, ते सोडतो, अभ्यास सगळीकडे चांगलाच आहे.

जुनेपणात लॅटिनला तोड नाही. १६३५ ची शाळा, म्हणजे तेव्हा शिवाजी महाराज पाच वर्षांचे होते आणि हार्वर्डसुद्धा अजून निघायचं होतं. बेंजामिन फ्रँकलिनने ही शाळा मधेच सोडली आणि आज तिच्या मूळ जागेवर पुतळा उभा आहे तो त्याचाच! मुलींना मात्र १९७२ पर्यंत प्रवेश नव्हता, हेही सांगायला हवं.

आता खेळ. लॅटिन आणि बॉस्टनचीच ‘इंग्लिश हायस्कूल’ नावाची शाळा यांची थँक्सगिव्हिंग सणाची अमेरिकन फुटबॉल मॅच १८८७ पासूनची, पण नीडम-वेलस्लीची त्याहून पाच वर्षं जुनी, १८८२ ची. १८८१ पर्यंत वेलस्ली हा नीडमचाच भाग होता, म्हणजे वाटणी झाली आणि पुढच्याच वर्षी भावकी मैदानात उतरली. (नाव वाचून असईच्या लढाईतला ब्रिटिश सेनापती वेलस्ली आठवतो खरा, पण या गावाचा त्या वेलस्लीशी संबंध नाही.)

मी दोन्ही मॅच बघितल्यात. माहोल विचाराल तर नीडम-वेलस्लीला जास्त मार्क देईन. अख्खं गाव लोटतं, मांडीवर ब्लँकेट घेतलेल्या आज्या, शाळा सोडून तीस-चाळीस वर्षं झालेले काका, सगळे एकमेकांना नावाने हाका मारतायत, गावच्या जत्रेसारखं. लॅटिनची मॅच मी हार्वर्ड स्टेडियमवर बघितली, तिथे काँक्रीटच्या पायऱ्यांवर बसून पाठीचं आइस्क्रीम झालं, थर्मासमधला चहा पहिल्या क्वार्टरलाच संपला आणि एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये गर्दी विखुरलेली वाटत होती.

तरी आम्ही शहरात आलो, आणि कारण ऐकून हसाल. पिकअप! आधी दोन वर्षं आम्ही अशाच एका उपनगरात भाड्याने होतो, तिथे मोठीची क्रॉस-कंट्री धावण्याची प्रॅक्टिस संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटायची आणि त्याच वेळेला माझी रोजची मीटिंग, बायको ट्रॅफिकमध्ये अडकलेली, मग लॅपटॉप मांडीवर उघडा ठेवून, म्यूट करून मी पार्किंगमध्ये बसलेलो आणि मागे धाकटा भूक भूक करतोय. नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार, त्यामुळे चालत ये म्हणायचीही सोय नाही. कुणाचा दोष नाही यात, तिथलं जगणंच गाडीवर चालतं. पण एके दिवशी तिनेच विचारलं, बाबा, मी टीम सोडू का? ते मला फार लागलं.

आता धाकटा लॅटिनला आहे. सातवीवाल्यांना तिथे सिक्सी म्हणतात, कारण त्यांचा वर्ग क्लास सिक्स, तिथून उलटे मोजत एकवर जायचं. हा आमचा सिक्सी खांद्याला बॅग, हातात पास, स्वतःच बस-ट्रेन बदलत येतो. एखाद दिवशी सातही वाजतात, पण मला कुणी पार्किंगमध्ये बसवत नाही. येऊन लॅटिन भाषेतली ‘मेन्सा, मेन्साम, मेन्से’ ही विभक्तीची रूपं घोकत बसतो तेव्हा माझं रामः रामौ रामाः आठवतं.

अर्थात लॅटिनला प्रवेश मिळेलच असं नाही, मार्क आणि टेस्ट दोन्ही लागतात, शिवाय बॉस्टनमध्येच राहायला हवं. घरात कुणी दुपारनंतर मोकळं असेल तर नीडम-वेलस्ली झकास, मी नाही म्हणणार नाही. दोघंही नोकरीवाले असाल तर मात्र घर बघायला जाताना संध्याकाळी पाचला जा आणि शाळेबाहेरची गाड्यांची रांग एकदा बघून या.