चांगला प्रेस भंगारात, भंगार प्रेस शेडमध्ये

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये पत्रा कापणारा चाळीस टनी सी-टाइप पॉवर प्रेस डबल मारायला लागला. पेडल एकदा दाबलं तरी रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) दोनदा खाली यायचा. मालकाने जुन्या मशिनी घेणाऱ्या-विकणाऱ्या एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने फ्लायव्हीलवर (प्रेसच्या जड चाकावर) हात फिरवला, दोन स्ट्रोक मारून पाहिले आणि निकाल दिला: "भाऊ, फ्रेमच गेली हो याची. आता याच्यात पैसे लावून काही फायदा नाही. माझ्याकडे पन्नास टनी पडून हाये, सेन्सरवाला. हा देऊन टाका अन् तो घेऊन टाका."

मग हायड्रा क्रेन आली. जुना प्रेस धर्मकाट्यावर किलोच्या भावाने विकला गेला आणि रंगवलेला "पन्नास टनी" शेडमध्ये बसला. काही महिन्यांत नव्याच्या गळ्यात, म्हणजे फ्रेमचा सी जिथे वळतो त्या कोपऱ्यात, रंगाला केसासारखी रेघ पडली. खरवडल्यावर खालून लांबी (भरलेली पुट्टी) निघाली आणि लांबीखाली वेल्डिंग. जुना प्रेस तोवर रोलिंग की (फ्लायव्हीलला शाफ्टशी जोडणारी-सोडणारी खुंटी) बदलून दुसऱ्या शेडमध्ये रोज माल काढत होता.

डबल मारण्याचा फ्रेमशी काहीही संबंध नसतो, हे त्या मालकाला कोणी सांगितलं नाही. कारणं ठरलेली असतात. रोलिंग कीची धार गोल झालेली असते, की मागे खेचणारी स्प्रिंग मोडलेली किंवा सैल असते, पेडलचा लॅच (खटका) झिजलेला असतो, नाहीतर ब्रेकचं लायनर (घासणारं अस्तर) संपलेलं किंवा तेलाने माखलेलं असतं. ब्रेक ओळखणं सर्वांत सोपं. सुट्या स्ट्रोकनंतर क्रँक (रॅमला वरखाली करणारा वाकडा शाफ्ट) वरच्या टोकाला थांबायला हवा. तो थोडा पुढे घसरून थांबत असेल तर लायनर पाहा. उलट ब्रेक फार आवळला असेल तर ड्रम तापतो आणि मोटरचा पट्टा घसरतो. मग की तपासायला मोटर बंद करा, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या आणि क्लच सुटलेला असताना ते हाताने फिरवा. कुठे टकटक वाजत असेल तर की पूर्ण बाहेर आलेली नाही. यातली कुठलीही दुरुस्ती प्रेस विकण्याएवढी मोठी नाही.

बदलायचा की दुरुस्त करायचा, हे दोनच गोष्टींवर ठरतं: फ्रेम आणि क्रँकशाफ्ट. बाकी सगळं बदलता येतं. फ्रेम बहुधा बीडाची (कास्ट आयर्नची) असते आणि काम करताना गळ्याच्या आतल्या बाजूला ताण येतो. बीड दाब सहन करतं, ताण नाही. तडा तिथेच जातो आणि निकेल रॉडने केलेलं वेल्डिंगसुद्धा त्या जागी भरवशाचं नसतं. म्हणून गळ्यातला तडा दिसला की सौदा संपला, मग किंमत कितीही कमी असो.

तडा बघायला डीपी टेस्ट (तड्यात रंग मुरवून तपासणी) करा. तीन डबे लागतात. आधी गळ्यातला रंग आणि लांबी पूर्ण खरवडून काढा, क्लीनरने पुसा, लाल रंग फवारून दहा मिनिटं थांबा, क्लीनरने ओलं केलेल्या फडक्याने पुसून घ्या (क्लीनर थेट फवारला तर तड्यातला रंगही धुऊन जातो), मग पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर लाल रेघ वर येते. डबे नसतील तर रॉकेल आणि खडूची भुकटी चालते: रॉकेल लावा, कोरडं पुसा, खडू चोळा आणि ओलसर रेघ उमटते का बघा. विकणारा रंग खरवडू देत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालेलंच आहे.

टनेज (प्रेस देऊ शकतो तो जोर) पाटीवर वाचू नका. पाटी कुठेही कोरून मिळते. शाफ्टचा मेन बेअरिंगजवळचा व्यास व्हर्नियरने मोजा. इंचातल्या व्यासाचा वर्ग गुणिले साडेतीन हा एका क्रँकच्या, कमी स्ट्रोकच्या प्रेससाठीचा ढोबळ हिशेब आहे. त्या "पन्नास टनी"चा शाफ्ट निघाला 82 मिमी, म्हणजे साधारण 36 टन. भंगारात गेलेल्याचा होता 86 मिमी, म्हणजे 40 टन. मोठा देऊन छोटा घेतला!

आता कामाचा हिशेब लावा. त्या शेडमध्ये 3 मिमी माइल्ड स्टीलमधून 80 मिमी व्यासाच्या चकत्या कापत होते. परीघ 251 मिमी, जाडी 3, कातरताण चौरस मिलिमीटरला 40 किलो धरला तर जोर लागतो सुमारे 30 टन. पंचची धार गेली की तो वाढतो, म्हणून पाव भाग जास्त धरायचा: 37 ते 38 टन. जुना प्रेस त्यात बसत होता, नवा धडधाकट असता तरी बसला नसता. शिवाय पाटीवरचं टनेज रॅम अगदी तळाशी आल्यावरच मिळतं. स्ट्रोकच्या मध्यावर ते बरंच कमी असतं.

सर्वांत वाईट फसवणूक सेन्सरची. रोलिंग कीचा क्लच एकदा अडकला की पूर्ण फेरा होईपर्यंत सुटत नाही. हात मध्ये आला आणि सेन्सरने सिग्नल दिला तरी थांबवणार कशाने? दिवे लागतात, ऑपरेटर निर्धास्त होतो, कोणीतरी जाळीचं गार्ड काढून टाकतं आणि बोटं जातात. सेन्सर उपयोगी पडतो तो हवेवर चालणाऱ्या, मधेच सुटू शकणाऱ्या फ्रिक्शन क्लच-ब्रेकवर, तोही डबल व्हॉल्व्ह (एक अडकला तरी दुसरा हवा सोडतो) आणि दोन्ही हातांची बटणं असतील तरच. जुन्यावर तसा क्लच बसवता येतो, पण शाफ्ट आणि फ्लायव्हीलचं मशिनिंग, कंप्रेसर आणि पॅनल धरून खर्च नव्या प्रेसच्या निम्म्यावर जात असेल तर नवाच घ्या. वीस-तीस टनी प्रेसला आमचं मत स्पष्ट आहे: की बदला, पक्कं गार्ड लावा आणि डायमध्ये (साच्यात) 6 मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका.

बुशांतही (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळ्यांत) खोट असते. गनमेटल म्हणून पितळ देतात. कानस मारून भुकटी पाहिली तर गनमेटल तांबूस दिसतं, पितळ पिवळं. बुशातली मोकळीक व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी असावी, म्हणजे 86 मिमीला 0.09 मिमीच्या आसपास.

त्या मालकाचं बिल "मशिनरी पार्ट्स" एवढंच होतं. ना टनेज, ना सीरियल नंबर, ना फ्रेमबद्दल एक शब्द. उरलेली रक्कम रोख गेली होती. बिलावर टनेज, शाफ्टचा व्यास, सीरियल नंबर आणि "फ्रेमला तडा किंवा वेल्डिंग नाही" हे लिहून घ्या, जीएसटी नंबर पोर्टलवर तपासा आणि जुना प्रेस देण्याआधी त्याची पाटी व गळा यांचे फोटो काढून ठेवा. लेखी नोंद असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार देता येते. शेड स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवत असाल तर ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, कारण 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगारासाठीची खरेदी व्यापारी धरलेली नाही.