दावापूर्व मध्यस्थी: थकलेल्या बिलांसाठी काही महिने वापरल्यावर

व्यावसायिक न्यायालये कायद्याचं कलम १२अ थोडक्यात असं. तीन लाख किंवा त्यावरची व्यापारी थकबाकी असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर आधी मध्यस्थी, मग दावा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाटील ऑटोमेशन खटल्यातल्या निकालानंतर, २० ऑगस्ट २०२२ पासून, ही पायरी गाळली की दावा फेटाळला जातो. उगाच अंतरिम अर्ज चिकटवून निसटायची वाटही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडवली.

खर्चाबद्दल तक्रार नाही. फॉर्म १, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाकडचा मध्यस्थीचा अर्ज, त्यासोबत हजार रुपये, बस. मध्यस्थाची फी दोन्ही बाजू बसायला तयार झाल्यावरच, तीही निम्मी-निम्मी. दहा ते पन्नास लाखांच्या वादाला तीस हजार, म्हणजे आपल्याकडून पंधरा.

डोकं फिरतं ते तारखांवर. नोटीस निघाल्यापासून दहा दिवसांच्या आतली तारीख मिळते. उत्तर आलं नाही तर दुसरी नोटीस. त्यालाही दाद नाही किंवा सरळ नकार आला, तर फॉर्म ३, म्हणजे मध्यस्थी सुरूच न झाल्याचा अहवाल (नॉन-स्टार्टर रिपोर्ट), आणि दावा मोकळा. पण समोरच्याने ‘वेळ हवा’ एवढं लिहून पाठवलं की नवी तारीख! नियमाने तीसुद्धा मागणीपासून दहा दिवसांतलीच, आणि त्या दिवशी तो आला नाही तर फॉर्म ३ द्यायलाच हवा. मात्र वेळ मागून गायब होणाऱ्याला दंड नाही, त्यामुळे मागायला कोणाचं काय जातं? म्हणून तो आला नाही त्याच दिवशी मध्यस्थी नियमांतल्या नियम ३ चा उल्लेख करून प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारणा केली तर कागद तिथेच पडून राहतो. नोटिशीसाठी पत्ता जीएसटी नोंदणीवरचा द्या, सोबत ईमेल. बिलावरचा जुना गाळा दिला तर पाकीट परत येतं आणि तेवढे दिवस फुकट.

सुरुवातीला हा दाव्याआधीचा टोलनाका वाटायचा. आता सरसकट तसं म्हणणार नाही. वकिलाची नोटीस बाजूला ठेवणाऱ्या कंपन्या विधी सेवा प्राधिकरणाची नोटीस निदान हिशेब विभागाकडे पाठवतात. मग कळतं की भांडण पैशाचं नाहीच, कमी आलेल्या मालाचं किंवा न लावलेल्या डेबिट नोटचं (बिलातून वजा करायच्या रकमेचं) आहे. अशी प्रकरणं खतावणी, खरेदी ऑर्डर (पीओ) आणि सही असलेली चलनं समोर ठेवली की सुटतात. ज्याच्याकडे पैसाच नाही, त्याच्यासाठी मात्र हे निव्वळ कालहरण.

तडजोड झाली तर फॉर्म ४ वर सह्या होतात आणि तिला लवादाच्या निवाड्याचं बळ मिळतं. थेट अंमलबजावणी मागता येते. म्हणूनच मसुद्यात कंजुषी नको. हप्त्यांच्या तारखा, खाते क्रमांक, रक्कम टीडीएस कापून की न कापता, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम कोणत्या दराच्या व्याजासह लगेच देय, हे आकड्यांत लिहून घ्या. ‘लवकरात लवकर देऊ’ या वाक्यावर जप्ती निघत नाही.

बैठकीत ‘हो, देणं आहे’ असं समोरचा म्हणाला तरी ते कोर्टात वापरता येत नाही, सगळं गोपनीय. बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे बाकी मान्य असल्याचं पत्र, अर्जाआधीच सहीनिशी घेऊन ठेवा. मध्यस्थीला तीन महिने, संमतीने आणखी दोन. तेवढा काळ दाव्याच्या तीन वर्षांच्या मुदतीतून वजा होतो, पण तो मोजायला फॉर्म १ ची पोच आणि फॉर्म ३ किंवा फॉर्म ५ (मध्यस्थी फसल्याचा अहवाल) ची तारीख, दोन्ही फाइलमध्ये लागतात.